आमच्यातील ‘देवाचे करणे’

गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनाची गोष्ट. सभागृहामागच्या पडवीत आम्ही दहाबाराजणी बटाटे सोलीत बसलो होतो. पुरीभाजीचा बेत होता आणि दीडशे पाने व्हावयाची होती. हात चालू असले की बायकांची तोंडेही चालू असतात, हे मी आपणांस सांगावयास नको. बोलता बोलता शेजारच्या माई मला म्हणाल्या, “काय हो, इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो आपण, पण एक विचारायचं राहूनच गेलं. तुमच्यात सोवळं नाही, नैवेद्य नाही, देव धुवायचे-पुसायचे नाहीत. मग रोज तुम्ही देवाचं करता तरी काय?”

“प्रार्थना करतो की, माई,” मी म्हटले.

“ते झालं मागणं. मागणं म्हणजे काही देवाचं करणं नव्हे.”

माईंचे हे एक वाक्य मला पुरते निरुत्तर करून गेले. माझा जन्म ख्रिस्ती घरातला, आजोबांच्या वेळेपासूनचा. लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ प्रार्थना ऐकत आले. पण तीत मागणे किती आणि नुसते देवापुढे बसणे किती, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. संपादिकाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मनात आले की माईंना त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथेच द्यावे. उत्तर थोडे लांबचे आहे, आणि ते मला सापडले तेही लांबच, पॅरिसमधल्या एका स्वयंपाकघरात.

आधी शब्दाचे सांगते. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तीत देवाच्या आराधनेला जो शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थ गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून नमन करणे असा आहे. आपल्या साष्टांग नमस्काराच्या अगदी जवळचा. मराठीत आम्ही ‘आराधना’ म्हणतो, ‘उपासना’ही म्हणतो. उपासना म्हणजे जवळ बसणे. मला विचाराल तर ग्रीक शब्दापेक्षा आपला हा शब्दच अधिक गोड आहे. काही मागावयाचे नाही, काही सांगावयाचे नाही. तो देव आहे आणि आपण त्याची लेकरे आहो, एवढे ओळखून जवळ बसावयाचे. ही आराधना एकट्या देवाची, इतर कोणाची नव्हे, यावर ख्रिस्ती मंडळीत पूर्वी पुष्कळ वादंग झाले. शेवटी ७८७ साली निकिया येथील धर्मसभेने निर्णय दिला की, संतांच्या चित्रांना मान द्यावा, पण आराधना मात्र केवळ देवाची. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींना तेवढा मानही फार वाटला, हे पुढचे. असो, त्या वादात आज शिरत नाही.

पण ही आराधना करावयाची कोठे? याविषयी योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे, आणि तो एका बाईचा आहे. शोमरोन प्रांतातली एक बाई भर दुपारी घागर घेऊन विहिरीवर येते. येशू तेथे थकून बसलेला असतो. तो तिच्याजवळ पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईजवळ पाणी मागणे हीच मोठी नवलाची गोष्ट. बोलता बोलता ती त्याला विचारते की, आमचे पूर्वज या डोंगरावर देवाला भजत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमातच भजावे, खरे कोणते? येशू सांगतो की, अशी वेळ येत आहे, जेव्हा ना या डोंगरावर, ना यरुशलेमात. खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने पित्याची उपासना करतील. आराधनेविषयी इतके मोठे बोलणे त्याने शास्त्री-पंडितांपुढे केले नाही, पाणी भरावयास आलेल्या बाईपुढे केले. आणि ते ऐकून ती बाई घागर तेथेच टाकून गावात धावत गेली. तिच्या घरी त्या दिवशी पाण्याचे काय झाले असेल, असा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

तरीही रोजचा नेम हा लागतोच. पहिल्या-दुसऱ्या शतकातील ‘डिडाखे’ नावाची एक लहानशी ख्रिस्ती पोथी आहे. तीत प्रभूने शिकविलेली प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असे स्पष्ट सांगितले आहे. त्रिकाळ प्रार्थनेची चाल यहुदी लोकांतही होती, तीच पुढे आली. आणि त्या प्रार्थनेची रचना जरा नीट पाहिली तर माईंच्या आक्षेपाला अर्धे उत्तर तेथेच मिळते. भाकरीची गोष्ट तीत आहे, पण ती नंतर. आधी देवाचे नाव पवित्र मानणे, त्याचे राज्य, त्याची इच्छा. म्हणजे आधी जवळ बसणे, मग पदर पसरणे.

खरी अडचण केली ती प्रेषित पौलाने. त्याने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहून टाकले की, निरंतर प्रार्थना करा. निरंतर! लिहिणाऱ्याने लिहिले, पण पाळणाऱ्याने काय करावे? माणसाला जेवावयाचे असते, निजावयाचे असते, पोटासाठी काम करावयाचे असते. इजिप्तमध्ये आलेक्सांद्रियाजवळ लूसियस नावाचा एक वृद्ध साधू राहात होता. त्याच्याकडे काही तापसी आले. ते म्हणाले, आम्ही हाताने काम करीत नाही, पौलाने सांगितल्याप्रमाणे अखंड प्रार्थना करतो. लूसियसने विचारले, “जेवता ना?” “जेवतो.” “मग तेव्हा तुमच्या वाटची प्रार्थना कोण करतो? आणि निजता तेव्हा?” त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा त्याने आपली रीत सांगितली. मी ताडाची पाने भिजवून दोर वळतो आणि वळताना मनात देवाचे स्मरण करतो. दिवसाकाठी सोळा नाणी मिळतात. दोन दाराबाहेर ठेवतो, उरलेल्यांत पोट भरतो. ती दोन नाणी ज्या गरिबाला मिळतात, तो मी जेवतो-निजतो त्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना करतो. अशी माझी प्रार्थना निरंतर होते. हिशेब किती साधा आणि किती पक्का! बाजारहाट करणाऱ्या कोणाही बाईला तो पटेल.

पुढे सहाव्या शतकात इटलीत मोंते कासिनो येथे बेनेडिक्ट नावाच्या मठाधिपतीने आपल्या साधूंसाठी एक नियमावली लिहिली. पश्चिमेकडचे शेकडो मठ तिच्यावर चालले, अजूनही चालतात. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सर्वांनी एकत्र येऊन देवाची स्तुती गावयाची. दीडशे स्तोत्रे आठवड्यात पुरी झालीच पाहिजेत. हे तर झालेच. परंतु मला त्या नियमावलीत अधिक मौज वाटली ती स्वयंपाकघराच्या कलमाची. स्वयंपाक सर्वांनी आठवड्या-आठवड्याच्या पाळीने करावयाचा. शनिवारी पाळी संपणाऱ्याने सगळी स्वच्छता करावयाची, हातपाय पुसावयाची फडकी धुवावयाची, भांडी मोजून, स्वच्छ करून कोठीवाल्याच्या हवाली करावयाची. आणि कोठीवाल्याला वेगळी आज्ञा अशी की, मठातील सारी अवजारे आणि भांडीकुंडी त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी. झारा आणि पूजेचे पात्र एकाच मोलाचे! शेतावर लांब गेलेल्याने वेळ झाली की आहे तेथेच गुडघे टेकावे, अशीही सवलत त्याने ठेविली होती.

पण मोठ्या माणसांनी घालून दिलेली घडी पुढच्यांच्या हातून विसकटते, तसे येथेही झाले. अकराव्या-बाराव्या शतकापासून मठांत दोन पंगती पडल्या. लॅटिन शिकलेले साधू गायनपीठात बसून स्तोत्रे गाऊ लागले आणि शेत, गोठा, भटारखाना यांसाठी न शिकलेले ‘कामकरी बंधू’ वेगळे घेतले जाऊ लागले. सिस्टर्सियन पंथात तर या कामकरी बंधूंनी पुस्तक हातीच धरावयाचे नाही असा नियम होता. त्यांनी दोनचार प्रार्थना तोंडपाठ कराव्या आणि घंटा ऐकू आली की कामाच्या जागीच ठरल्या संख्येने म्हणाव्या. सर्वसाधारण लोकांचेही तेच. दीडशे स्तोत्रांच्या जागी मण्यांवर दीडशे वेळा मरियेला नमस्कार, अशी जपमाळ आली. सकाळ, दुपार, सायंकाळ चर्चची घंटा वाजली की हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणण्याची चाल पडली. वसईकडे किंवा गोव्याला ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांनी ती पाहिली असेल. युरोपातल्या जुन्या पाककृतींत तर अमुक पदार्थ इतक्या प्रार्थना म्हणून होईपर्यंत शिजवावा, असे लिहिलेले आढळते. घड्याळ नव्हते ना! एका परीने हे सुंदरच होते. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरली गेली, ती ही की, खरी आराधना ती गायनपीठातली. चुलीजवळची आपली चालवून घ्यावयाची.

हे गृहीतच माझ्या घरापर्यंत येऊन पोहोचले होते, म्हणून येथे थोडे घरचे सांगते.

माझी आई एका मिशन बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. बोर्डिंगाचे नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातले, एवढे पुरे. साठसत्तर मुली. पहाटे चार वाजता आई चूल पेटवी आणि बाजरीच्या भाकऱ्या थापावयास बसे. सहाला प्रार्थनेची घंटा होई. सगळ्या मुली, शिक्षिका, माळीसुद्धा प्रार्थनामंदिरात जात. आईला मात्र जाता येत नसे, कारण सातला मुलींना भाकरी मिळावयास हवी. तेथल्या एका वरिष्ठ बाईंनी हजेरीच्या वहीत आईच्या नावापुढे शेरा मारला की, ‘उपासनेविषयी उदासीन.’ बाई मनाने वाईट नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या होत्या. आईला वाचता येत नव्हते. तो शेरा तिला कोणी तरी वाचून दाखविला. मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. परंतु त्या दिवसापासून काठवटीवर बसून ती जी गीते गुणगुणत असे ती बंद झाली. आपण म्हणतो ती उपासना नव्हेच, असे तिला वाटले असावे. पुष्कळ दिवस ती मुकाट्यानेच भाकऱ्या थापीत होती. मुलींनाही ते जाणवले. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले होते, “तुझी आई आजारी आहे का गं?”

ही गोष्ट माझ्या मनात चाळीस वर्षे तशीच होती. पुढे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नींनी जुनी पुस्तके वाटून टाकली, त्यांत एक चिमुकले इंग्रजी पुस्तक माझ्या वाट्याला आले. पृष्ठे शंभरसुद्धा नव्हती. ब्रदर लॉरेन्स नावाच्या एका फ्रेंच साधूची संभाषणे आणि पत्रे. हा साधू मठात स्वयंपाकी होता, हे पहिल्या काही पानांतच कळले आणि मी ते पुस्तक त्या रात्री पुरे करूनच उठले.

त्याचे मूळ नाव निकोला एर्मां. जन्म १६१४ च्या सुमारास, लोरेन प्रांतातल्या एरिमेनिल या खेड्यात. गरिबाचे मूल, शिक्षण बेताचे. वयाच्या अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले आणि त्याच्या मनात आले की, आज जे वाळल्यासारखे दिसते त्याला थोड्या दिवसांनी पाने येतील, मग फुले, मग फळे. एवढेच. पण या एका विचाराने देवाच्या सामर्थ्याचा जो ठसा त्याच्या मनावर उठला, तो पुढे कधी पुसला नाही, असे तो म्हातारपणीही सांगे. त्या वेळी युरोपात १६१८ ते १६४८ असे तीस वर्षांचे भीषण युद्ध चालू होते आणि लोरेन त्यात पार भरडून निघाला. निकोला शिपाई झाला. एकदा शत्रूने हेर समजून त्याला पकडले, फासावर जाता जाता वाचला. १६३५ साली तो जखमी झाला आणि पायाने जन्माचा अधू झाला. नंतर पॅरिसमध्ये एका खजिन्यावरच्या अधिकाऱ्याच्या घरी नोकर राहिला. तेथे तो इतका धसमुसळा ठरला की हाती येईल ते मोडे! शेवटी १६४० साली पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावरच्या कार्मेल पंथाच्या मठात तो कामकरी बंधू म्हणून दाखल झाला. आपल्या अजागळपणाबद्दल येथे आपली चांगली सालटी निघतील आणि तेच आपले प्रायश्चित्त, अशी त्याची समजूत होती. पण देवाने मला फसविले, तेथे मला सुखच मिळाले, असे तो पुढे हसून सांगत असे.

हा कार्मेल पंथ आधी स्पेनमध्ये आविला येथील तेरेसा हिने १५६२ पासून नव्याने उभा केला होता. ही बाई फार मोठी. मठ स्थापिले, ग्रंथ लिहिले, आणि आपल्या पाळीला स्वयंपाकघरात उभीही राहिली. आज्ञा म्हणून स्वयंपाकघरात जावे लागले तर वाईट वाटून घेऊ नका, देव तेथल्या भांड्यांमधूनही वावरतो, अशा अर्थाचे तिने आपल्या भगिनींसाठी लिहून ठेविले आहे. १९७० साली रोमने तिला ‘धर्मपंडित’ ही पदवी दिली. स्त्रियांत हा मान मिळालेली ती पहिली. चारशे वर्षे थांबावे लागले तिला. पण लॉरेन्सला मठात शिरताना तिची शिकवण तयार मिळाली, हे खरे.

त्याला काम मिळाले ते भटारखान्याचे. आणि गंमत अशी की, त्याला स्वयंपाकाचा मनापासून तिटकारा होता! हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू. स्वयंपाकघरात देव पाहणारे साधुसंत म्हटले की आपल्याला वाटते, त्यांना फोडणीचा वासही चंदनासारखा येत असेल. याला तसे नव्हते. न आवडणारे काम त्याने पंधरा वर्षे केले. कामाला हात लावण्यापूर्वी तो देवाला म्हणे की, हे काम तुझ्यासाठी, आता तूच मला साहाय्य कर. काम चालू असताना मनातल्या मनात त्याच्याशी बोले. काम संपले की मागे वळून पाही. चांगले झाले असेल तर आभार मानी, चुकले असेल तर क्षमा मागे आणि हळहळत न बसता पुढच्या कामाला लागे. तव्यावरची अंड्याची पोळी देवाच्या प्रीतीसाठी उलटावी. ती झाली आणि दुसरे काम नसले, तर तेथेच जमिनीवर डोके टेकून त्याची आराधना करावी. आणि उठावे ते राजापेक्षाही समाधानी होऊन. जमिनीवरची काडी उचलावयाची ती त्याच्यासाठी. एकाच वेळी चार माणसे चार जिन्नस मागत आहेत, भांड्यांचा खणखणाट चालला आहे, अशा गर्दीतही वेदीपुढे गुडघे टेकल्यावर जी शांती मिळते तीच मला मिळते, असे त्याचे म्हणणे होते. मठाच्या नियमाप्रमाणे नेमलेल्या वेळी तो एकांत प्रार्थनेला जाई, ती टाळीत नसे. पण ती वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला अंतर वाटत नसे.

हे साधले ते चुटकीसरशी नव्हे. पहिली दहा वर्षे मनाची फार तळमळ झाली, मन ठिकाणावर राहात नसे, आपल्या पापांची आठवण छळी, असे त्याने पत्रांत स्वच्छ लिहिले आहे. पत्रांतून तो इतरांनाही हेच सांगतो की, मन भटकले म्हणून स्वतःवर रागावू नका, हळूच परत आणा. पुन्हा भटकले, पुन्हा आणा. लांबलचक शब्दांची गरज नाही. मठासाठी द्राक्षारस खरेदी करावयास त्याला एकदा बर्गंडी प्रांतात पाठविले. व्यापार कळत नाही, पायाने अधू. नावेत इकडून तिकडे जावयाचे तर पिंपांवरून लोळत जावे लागे. त्याने देवाला सांगितले की, हे काम तुझे आहे. आणि खरेदी नीट पार पडली. उतारवयात चुलीजवळचे उभे राहणे पायाला झेपेना, तेव्हा त्याला चपला दुरुस्त करण्याच्या कामावर बसविले. ते त्याला आवडे. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला.

येथे आणखी एका व्यक्तीचे सांगितल्यावाचून राहवत नाही. तीही लोरेनचीच, जन्म १६१४ चाच, आणि तीही त्याच युद्धाने घरदार सोडून पॅरिसला येऊन पडलेली. कातरीन द बार तिचे नाव. संन्यासिनी झाल्यावर मदर मेक्तिल्द. तिने १६५३ साली पॅरिसमध्ये असा मठ स्थापिला की, जेथे रात्रंदिवस एक क्षणही खंड न पडता, पाळीपाळीने, पवित्र भाकरीपुढे एक तरी भगिनी गुडघे टेकून आराधना करीत असावयाची. कॅथोलिक श्रद्धेप्रमाणे त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो. मार्च १६५४ मध्ये खुद्द राजमाता ॲन तेथे पेटती मशाल हाती धरून गुडघ्यांवर बसली होती. पुढे १६५९ साली हा मठ रू कासेत या गल्लीत आला. ही गल्ली व्होजिरार रस्त्यालाच येऊन मिळते. म्हणजे पहा, एका कोपऱ्यावर अहोरात्र तेवणारी ती वेदीपुढची आराधना, आणि चार पावलांवर हा लंगडा स्वयंपाकी, तव्यापुढे तीच आराधना करणारा. मला यातली एक खरी आणि दुसरी खोटी असे म्हणवत नाही. बोर्डिंगातल्या त्या वरिष्ठ बाई सकाळी सहाला गुडघे टेकीत, तेही मनापासूनच टेकीत होत्या. त्यांचे चुकले ते एवढेच, की चुलीकडची पाळी त्यांना पाळी वाटली नाही.

लॉरेन्सच्या मागे त्याचे काय झाले ते कळल्यावर मात्र मला राग आला. त्याने स्वतः पुस्तक लिहिले नव्हते. बोफोर नावाच्या धर्माधिकाऱ्याने १६६६ पासून त्याच्याशी झालेली बोलणी टिपून ठेविली होती. ती आणि त्याची पत्रे त्याने १६९२ व १६९४ साली छापली. नेमक्या त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोठे वादळ उठले. मदाम ग्वियों नावाची एक विधवा बाई मोलकरणींना, मुलांना, न शिकलेल्यांनासुद्धा शिकवीत होती की, मनात देवाजवळ शांत बसणे हीच प्रार्थना, आणि ती कोणालाही साधते. तिचे लहानसे पुस्तक १६८५ साली निघाले होते. धर्माधिकाऱ्यांना भीती वाटली की, देवाजवळ नुसते बसणे पुरे म्हटले, तर मग विधी, नेमाच्या प्रार्थना, चांगले वागण्याची धडपड, हे सारे लोक सोडूनच देतील. ही भीती अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. आळसाला भक्तीचे नाव देणारे सर्वत्र असतात. परंतु बाईला त्यासाठी तुरुंगात घातले, आणि १६९८ ते १७०३ ती बास्तीलच्या किल्ल्यात होती. तिची बाजू घेणारा मोठा विद्वान बिशप फेनेलों याने लॉरेन्सला प्रत्यक्ष पाहिले होते आणि आपल्या समर्थनात त्याचा दाखलाही दिला. १६९९ साली पोपने फेनेलोंचे ग्रंथमत दोषी ठरविले. फेनेलोंने ते आपल्याच प्रवचनपीठावरून मान्य केले. या सगळ्या धुमाळीत आमचा स्वयंपाकी, काही अपराध नसताना, संशयित ठरला, आणि त्याच्याच देशात त्याचे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले.

ते वाचविले कोणी? तर प्रॉटेस्टंटांनी. हॉलंडमध्ये राहणाऱ्या पिएर प्वारेने ते १६९९ मध्येच पुन्हा छापले. १७२४ साली इंग्रजी भाषांतर झाले. मेथॉडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांनी त्यातले उतारे आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत घातले. म्हणूनच तर मठ आणि साधू यांच्याकडे जरा संशयानेच पाहणाऱ्या आमच्या मंडळींच्या कपाटातून हा कॅथोलिक साधू माझ्या हाती आला. ज्यांच्याशी भांडावे त्यांनीच आपला ठेवा जपून ठेवावा, असे इतिहासात कधी कधी होते.

हे सारे मी अलीकडे माईंना सांगितले. त्या चटकन म्हणाल्या, “अगं बाई, म्हणजे ही तर आमची जनाबाईच की!” मलाही प्रथम तसेच वाटले होते. दळण, कांडण, शेणी वेचणे यांत जिने देव पाहिला, ती जनी कोणा मराठी बाईला आठवणार नाही? पण विचार करता एक फरक दिसतो. जनीचा विठोबा तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. ती त्याला रागावते, भांडते. लॉरेन्सचा देव तवा धरावयास येत नाही. तो नुसता जवळ असतो. काम याचे यालाच करावे लागते, करपले तर क्षमा मागावी लागते. कोणते अधिक चांगले, ते मी ठरवीत नाही. माई म्हणाल्या, “आम्हांला आमचाच बरा. निदान दळू तरी लागतो!” आणि आम्ही दोघी हसलो.

माझ्या घरचे ‘देवाचे करणे’ आज काय आहे, तेही माईंनी विचारले म्हणून सांगते. सकाळी शास्त्रपाठ आणि प्रार्थना. तीत आधी मागावयाचे नाही असा नेम मी गेली काही वर्षे ठेविला आहे, आणि तो निम्म्या दिवशी मोडतो. जेवणापूर्वी आभार. रविवारी मंदिरात उपासना. शिवाय दूध तापावयास ठेविले की ते वर येईपर्यंत मी ओट्याजवळ नुसती उभी राहते. त्या वेळी काही म्हणत नाही. दूध पुष्कळदा उतू जाते.

ते पुस्तक मिळाले तेव्हा आई हयात होती. डोळ्यांनी कमी दिसे, पण कान शाबूत होते. मी तिला रोज थोडे थोडे मराठीत करून वाचून दाखविले. पिंपांवरून लोळत जाण्याच्या जागी ती हसली. अंड्याच्या पोळीच्या जागी काही बोलली नाही. सगळे वाचून झाले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, आणि मला वाटले, आता त्या जुन्या शेऱ्याची गोष्ट ती काढणार. पण तिने विचारले ते निराळेच.

“त्याला भांडी घासायला कुणी होतं का गं?”

पुस्तकात ते नव्हते. मी म्हटले, “नसावं.”

“हं,” ती म्हणाली. “मग खरा असेल.” आणि संध्याकाळी मी भाकऱ्या करीत असताना आतून तिचे गुणगुणणे ऐकू आले. आवाज पार गेला होता आणि कडव्यांचा क्रमही चुकत होता.